भांडणावर धावणारी घोडी

आमच्या रेवदंड्यात आता जो उठतो तो सांगतो, की ती घोडी पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोलल्यामुळे जिंकायची. कुणी म्हणतं, दर्ग्याची राख लावली होती. अरे, कसला नवस आणि कसली राख! माझ्या आईच्या तोंडावर जिंकायची ती. माझी आई म्हणजे नीराबाई कोळीण. तिचं तोंड सुटलं की बंदरावरचे कावळे उडायचे. मी तिच्या पोटची पोर, नलू. मी सांगते ते ऐका, नाहीतर गप बसा.

अलीमियाँ आमच्या आळीपलीकडचा टांगेवाला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्याचा टांगा रेवदंड्याहून नागाववरून अलिबागला जायचा, आणि आई रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन त्यात बसायची. १९२७च्या वैशाखात त्याचा म्हातारा घोडा मोती मेला आणि टांगा छपरात पडून राहिला. पावसाळा सरल्यावर मुंबईच्या जीवणशेठनी आपली शर्यतीची घोडी मचव्यातून आमच्या बंदरात उतरवली. विलायती रक्ताची, बदामी रंगाची, कोवळी पोर. नाव लांबलचक इंग्रजी होतं, आम्ही नुसतं लेडी म्हणायचो. तिचा पाय सुजला होता आणि घोड्यांच्या डॉक्टरने रोज समुद्राच्या पाण्यात उभी करायला सांगितलं होतं. शेठला घोडी सांभाळायला माणूस हवा होता, अलीमियाँला घोडा हवा होता. झालं!

पाय बरा झाला, पण शेठचा पत्ता नाही. रिकामं जनावर बिघडतं, असं म्हणून अलीमियाँने लेडीला सरळ टांग्याला जुंपली. शर्यतीची घोडी टांग्याला जुंपणं म्हणजे पैठणीने होडी पुसणं. पण त्याला सांगणार कोण?

टांग्याचा कायदा एकच, सवाऱ्या भरल्याशिवाय हलायचं नाही. शेवटची सवारी माझी आई. ती पाटी मागे आदळायची, पाटीतलं पाणी गादीवर गळायचं, आणि अलीमियाँ ओरडायचा, "नीराबाय, हा टांगा हाय का मासळीबाजार?"

"मेल्या, मासळीतून पाणी न्हाय गळणार तर काय अत्तर गळेल?"

मग दोघांचे वाडवडील उकरून काढले जायचे. भांडण ऐन रंगात आलं की टांगा निघायचा. रोजचं होतं ते. लेडी कान टवकारून ऐकायची, आणि हळूहळू लगामाची वाटही बघेनाशी झाली. तिच्या लेखी भांडण पेटलं म्हणजे निघायची वेळ झाली.

पुढच्या हंगामात शेठ तिला घेऊन गेला. महालक्ष्मीच्या मैदानात घोड्यांपुढची आडवी दोरी वर गेली, बाकीचे घोडे धुरळा उडवत पळाले आणि ही बाई जागच्या जागी उभी! जॉकी पाठीवर नाचतोय, चाबूक मारतोय, ही आजूबाजूला बघतेय. पाठीवर एकच वाळका माणूस, भांडण नाही, तंटा नाही. कसली निघते? शेठने डॉक्टर आणला, मांत्रिक आणला. शेवटी अलीमियाँला बोलावलं. त्याने घोडीची मान थोपटली आणि खाली बघत म्हणाला, "शेठ, हिला आमची नीराबाय हवी."

आई गेली ती पाटी घेऊनच. पाटीशिवाय मला भांडताच येत न्हाय, असं तिने शेठला तोंडावर सांगितलं. घोडे सुटतात तिथल्या कठड्याबाहेर दोघांना उभं केलं. साहेब आणि मडमा नाकाला रुमाल लावून बघत होत्या. आईने पाटी आदळली, अलीमियाँ ओरडला, अत्तर निघालं, वाडवडील निघाले, आणि लेडी अशी सुटली की बाकीचे घोडे खुंटाला बांधलेले वाटले.

मग काय विचारता! तीन हंगाम लेडीने मुंबई आणि पुणं गाजवलं. पेपरात फोटो आले. हरलेल्या मालकांनी तक्रार केली, तेव्हा साहेब लोकांनी नियम उलटसुलट वाचले. चाबकाचं लिहिलं होतं, लगामाचं लिहिलं होतं, कोळणीचं काही लिहिलं नव्हतं. एका मालकाने तर वरसोव्याहून स्वतःची कोळीण आणली. त्याचा घोडा तिला घाबरून उलटा पळाला.

पण व्हायचं ते झालं. इतकं बरोबर जाणंयेणं, तर आई अलीमियाँसाठी जवळ्याची चटणी न्यायला लागली. तो मुंबईच्या लाँचवर तिची जागा धरायचा. तिला ताप आला तर हकिमाकडे धावायचा. बाबा दर्यात बुडून गेल्यापासून आईला हसताना मी पाहिलं नव्हतं, ती आता हसायला लागली. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

१९३१ साली शेठने शेवटचं सांगितलं. मोठा कप जिंकली तर लेडी अलीमियाँची, हरली तर लाहोरच्या व्यापाऱ्याला द्यायची. अलीमियाँचं जेवण सुटलं. "नीराबाय, माझं म्हणून दुसरं कोण हाय गं?" असं तो आईला म्हणाला.

त्या दिवशी मीही गेले होते. आईने पाटी आदळली, "मेल्या, अत्तर गळेल काय?" म्हणाली आणि तिला हसूच फुटलं. त्यालाही फुटलं. लेडीने दोघांकडे वळून बघितलं आणि मागचा एक पाय सैल सोडून आरामात उभी राहिली. दोघं पुन्हा ओरडले, घसे बसेपर्यंत ओरडले. घोडी ढिम्म! खोटं भांडण तिला कळत होतं. बाकीचे घोडे दोरीला लागले. अलीमियाँच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

 मग आई हळूच म्हणाली, "मोती म्हातारपणानं न्हाय मेला, अलीमियाँ. भर उन्हात सहा सवाऱ्या बसवल्यास तू. तोंडाला फेस आलेला गावानं बघितला. तुला कोन बोललं न्हाय, एवढंच. तू मारलास त्याला."

अलीमियाँ उसळला. "आणि तुझा घरवाला? वादळ दिसत होतं तरी त्याला दर्यावर कोनी धाडला? घरात बसायचं तर लुगडं नेस, असं बोललीस ना त्याला? अख्ख्या बंदरानं ऐकलंय ते."

हे मला माहीत नव्हतं. आई किंचाळली, आणि काय किंचाळली ते मी सांगणार नाही. दोरी वर गेली. लेडी जिंकली म्हणे, कितीतरी पुढे होती म्हणे. मी आईकडे बघत होते.

लेडी आमच्या बंदरात उतरली तेव्हा लोकांनी तिला हार घातले. दुसऱ्या दिवशी अलीमियाँने टांगा जुंपला, सवाऱ्या बसल्या. आई पाटी डोक्यावर घेऊन, तिकडे न बघता, चालत अलिबागच्या वाटेला लागली. घोडी हलली नाही. सवाऱ्या शिव्या देत उतरून गेल्या. असं रोज व्हायला लागलं. शेवटी अलीमियाँ नागावच्या वाडीत नारळ सोलायला जायला लागला, आणि संध्याकाळी लेडीला समुद्रावर फिरवायचा.

मला राहवेना. मी म्हटलं, "आये, जा ना त्याच्याकडे. घोडीसाठी खोटंच बोलले म्हणून सांग. वाट बघतोय तो."

आई मासळी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तेच तर सांगता येत न्हाय गं, नलू," ती म्हणाली. "खोटं असतं तर घोडी पळाली असती का?"