पुस्तकातली मुकी आत्या

साल २०२४, माझं वय एकाहत्तर. एवढ्या आयुष्यात भांडखोर माणसं पुष्कळ पाहिली, पण पुस्तकाची बाजू घेऊन सिनेमाशी भांडणारा माझ्या व्याह्यांसारखा, नानांसारखा माणूस दोंडाईच्यापासून मुक्ताईनगरपर्यंत दुसरा झाला नाही, होणारही नाही.

माझी लेक त्यांची सून. सोयरीक ठरवायला आले तेव्हा माझी केळीची बाग बघायची सोडून त्यांनी मला, होणाऱ्या व्याह्याला, विचारलं, "याही, वाचता काय?" मी म्हणालो, "शाळा चौथीत सोडली, सिनेमा मात्र एकही सोडला नाही!" तिथून जी जुंपली ती वीस वर्षं. पुस्तकावरचा सिनेमा लागला की नाना पुस्तक बगलेत मारून, हातात बॅटरी घेऊन थिएटरात हजर. पडद्यावर काही गाळलं की खटकन बॅटरी लावायची, पान काढायचं आणि मोठ्यानं वाचायचं! भुसावळला त्यांना बाहेर काढलं, तर डोअरकीपरलाच दरडावलं, "पुस्तकातली नदी कुठं शे? अर्धी गोष्ट दाखवली, अर्धं तिकीट परत दे!" मी समजावलं, "नाना, घड खोक्यात भरायचा तर दांडा टाकावाच लागतो." तर म्हणाले, "दांडा टाका ना! केळी कशाले फेकतस?"

त्यांची एक लाडकी कादंबरी होती. तिच्यात एक मुकी आत्या. आई नसलेल्या भाचीला वाढवते, आणि लग्नात मात्र विधवा म्हणून तिलाच मांडवाबाहेर ठेवतात. शेवटी ती कुणाला न जुमानता आत येते. दर दिवाळीला नाना हे सांगायचे आणि मी मुद्दाम जांभई द्यायचो.

पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. मुलगा-सून वाचून दाखवत, पण भरभर. पुस्तकातली माणसं चेहरा दाखवायच्या आत निघून जातात, अशी नानांची तक्रार. आणि एक दिवस फोन आला, "याही, पिक्चर लागना! आपली कादंबरी! चला जळगावले!" मग आवाज खाली आला. "पानं पुसत चालनी, याही. आत्याचा चेहराबी आठवत नही. एक डाव तिची भेट करी द्या. तुमी दखा, मी ऐकस."

मी धावतपळत जळगाव गाठलं. दिसत नसतानाही नानांच्या बगलेत पुस्तक होतंच. सिनेमा झकास! ढोल काय, घोडा काय, मी खुर्चीत उड्या मारत सांगत होतो. पण लग्न आलं तरी आत्या येईना. मेल्यांनी तिला पार गाळली होती! नानांनी माझं मनगट धरलं. "आत्या उनी का?"

मी पडद्याकडं पाहिलं. तिथं नुसता नाच चालला होता.

"आली ना!" मी म्हणालो. मुकी बाई, आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता. "मांडवाचा खांब धरून उभी आहे."

"साडी?"

"हिरवी. स्वतःच्या लग्नातली. घडीच्या रेघासुद्धा दिसताहेत, नाना!"

मागून एक बाई ओरडली, "कोणती आत्या वो बाबा? आमले तर कोणी दिसनी नही!"

दिवे लागल्यावर नाना हळूच म्हणाले, "पिक्चरमा आत्या नही ना?"

"आहे!" मी कशाला हार मानतो? "त्या बाईचेच डोळे तपासायला हवेत."

तेव्हा नाना जे हसू लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "घडीच्या रेघा पुस्तकमा शेत, याही. म्हणजे जांभया देत देत तुमी बठ्ठं ऐकत होते!"

मी म्हटलं, "सगळंच! कानात बोळे नव्हते घातले." बाहेर रिक्षात बसेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लेकीच्या घरी चहा यायच्या आत, मी ते पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि अक्षराखाली बोट ठेवून पहिल्या पानापासून वाचायला लागलो. नाना डोळे मिटून बसले होते. एका ओळीवर अडखळलो तेव्हा म्हणाले, "घाई नका करू. असंच. आता माणसं दिसू लागनी." चहा गार झाला. आत्या अजून फार लांब होती.