सुमनच्या हातांवरचा जंतू

"हिच्या हातांवर जंतू सापडलाय ना? मग हिला वॉर्डात सोडायचं नाही!" आमचे बॉस डॉ. कर्णिक लॅबच्या दारातूनच ओरडले.

ही म्हणजे गोवंडीची सुमन. तिची नवजात मुलगी न्यूमोनियाने आमच्या घाटकोपरच्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होती. शेजारच्या दोन बाळांनाही तेच. तिघांच्या श्वासनळीत क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला. सुमनच्या हातांवरही क्लेबसिएला. झालं, लागला निकाल! कचऱ्याच्या डम्पिंगजवळ राहते, आणखी पुरावा कशाला? ती बिचारी काचेबाहेर उभी. दूध वाटीत काढून द्यायचं, पोरीला हात लावायचा नाही.

माझं डोकं फिरलं.

"साहेब, क्लेबसिएला तुमच्या-माझ्या पोटातही असतो. एका सावंताने चोरी केली म्हणून सगळ्या सावंतांना आत टाकाल?"

"माका कित्याक मधी घेतंस गो?" वॉर्डच्या सावंत सिस्टर मागून म्हणाल्या.

"भाषण मोर्चात कर," साहेब म्हणाले. "मला प्लेट दाखव."

"दाखवते!"

एकाच जंतूची वेगवेगळी घराणी असतात. त्यांना स्ट्रेन म्हणतात. ओळखायची आमची साधी रीत अशी: जंतू वाढवायच्या प्लेटवर तो पसरायचा, वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. जे औषध त्याला मारतं, त्याच्याभोवती स्वच्छ रिंगण उमटतं. मी वॉर्डातले नळ, सिंक, सगळ्यांचे हात यांचे नमुने घेतले. ऑक्सिजन ओलसर व्हावा म्हणून तो ज्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडत जातो, तिचाही.

प्लेटी शेजारी शेजारी मांडल्या. सुमनच्या जंतूला जेन्टामायसिन औषधाच्या चकतीभोवती भलं मोठं रिंगण. बाळांच्या जंतूला रिंगणच नाही. बाटलीतल्यालाही नाही. बाकीच्या चकत्यांची रिंगणंही बाळांच्या जंतूशी जुळली ती बाटलीतल्याचीच.

साहेबांनी बाटलीची प्लेट उचलली. "सिस्टर, बाटलीत उकळलेलं पाणी घालता ना?"

"उकळलेलंच. कमी झालं की वरून भरतो."

"आणि जुनं?"

"जुनं... पाणी ओतून कसं देऊ, साहेब? आमच्याकडे सकाळी तासभरच नळ येतो. घरी आम्ही थेंबही फुकट घालवत नाही."

आईविना रडणाऱ्या सुमनच्या पोरीला मांडीवर घेऊन बसायच्या त्या याच. ज्याची चूक निघेल त्याला चांगलं सुनावायचं मी ठरवून आले होते. पण त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

बाळांच्या प्लेटवर ज्या दुसऱ्या औषधाला रिंगण आलं होतं ते सुरू झालं. बाटल्या रोज रिकाम्या करून, उकळून ठेवायचं ठरलं. तिन्ही बाळं हळूहळू सावरली.

सुमनला त्याच दिवशी आत बोलावलं. ती उंबऱ्यावरच थबकली. "ताई, हात परत धुवू?"

सावंत सिस्टरनी स्वतः तिच्या हातांवर पाणी घातलं. हात न आखडता, भरपूर.

धडा एवढाच: आईला बाहेर काढण्याआधी बाटली तपासा.