परत मागितलेलं सोनं

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं गळायला लागली तेव्हा मी सगळ्यात आधी मॉनिटरखाली पुठ्ठा घातला.

हसू नका. काळ्या पडद्यावर फाइलींची नावं शहाण्यासारखी ओळीत उभी असायची, आणि बघता बघता एखादं अक्षर सुटून टपकन खाली यायचं. मग दुसरं, तिसरं. तळाशी ढीग. वरची वस्तू खाली पडतेय म्हणजे टेबल तिरकं असणार, हे माझं शास्त्र. पुठ्ठा घातल्यावरही अक्षरं पडतच राहिली, फक्त मॉनिटर आता छताकडे बघायला लागला.

मी तेव्हा महाप्याच्या एका केमिकल कंपनीत खरेदी विभागात होतो. कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं होतं. नेरूळच्या आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीत तीन घरांत कॉम्प्युटर होते, त्यामुळे तीन घरांचा डॉक्टर मी. आमच्या घरातला कॉम्प्युटर मात्र खरा बायकोचा. ती मराठी टायपिंगची कामं घ्यायची. सोसायटीच्या मंडळानं पहिल्यांदाच दिवाळी अंक काढायचा ठरवला, तेव्हा तो टाइप करून, पानं लावून छपाईला द्यायचं काम तिला मिळालं. तिचं पहिलं मोठं काम. मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त सरकारी अधिकारी, तिच्यासमोरच म्हणाले होते, "घरच्या घरी जमेल ना वहिनी? नाहीतर ठाण्याला एक प्रेस आहे ओळखीची." तिनं त्यांच्या हातातली हस्तलिखितांची पिशवी काढून घेतली.

तर अक्षरं गळत होती, आणि दिवाळी तोंडावर आलेली. मी केबली काढून पुन्हा लावल्या. खाडीची दमट हवा लागली असेल म्हणून पंखा कॉम्प्युटरकडे वळवला. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या कंपनीतल्या त्या इंजिनिअरला विचारा ना. तोवर हात लावू नका."

आता, आपल्या घरच्या दुखण्यासाठी डॉक्टरनं दुसरा डॉक्टर बोलवायचा? ती पनवेलला माहेरी गेलेली बघून मी हार्ड डिस्क फॉरमॅट केली. म्हणजे सगळं पुसून कोरं. मग जपून ठेवलेल्या फ्लॉप्या घालून जे जे बसवायचं ते परत बसवलं. अक्षरं गळायची थांबली! मी स्वतःसाठी चहा केला. बायको आल्यावर तिला खुर्चीत बसवून म्हटलं, "बघ."

तिनं बघितलं. "आणि अंक?"

"तो तू फ्लॉपीवर काढून ठेवला असशीलच की."

"ठेवलाय. टाइपिंग दसऱ्याआधीच झालं होतं." तिनं ड्रॉवर उघडला. बराच वेळ त्यात हात फिरवला. "इथं दोन फ्लॉप्या होत्या."

"कोऱ्या होत्या त्या," मी म्हणालो. "नाव कुठं लिहिलं होतंस?" आणि म्हणता म्हणताच त्या फ्लॉप्या कुठं गेल्या ते मला आठवलं.

दसऱ्याला मी एक नवी प्रथा पाडली होती. आपट्याची पानं काय सगळेच देतात. मी कंपनीतून एक झकास गेम आणला होता, तो ड्रॉवरमधल्या दोन 'कोऱ्या' फ्लॉप्यांवर चढवला, वर कुंकवाचं बोट लावलं आणि कॉम्प्युटरवाल्या दोन्ही घरी जाऊन "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" करून आलो. एक तळमजल्यावरच्या चाचांना. दुसरी अध्यक्षांना.

बायको एवढंच म्हणाली, "परत आणा."

दिलेलं सोनं परत कसं मागतात, हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं. मी आधी चाचांकडे गेलो. त्यांचं घराणं मूळचं उरणकडचं, कंटेनरच्या गाड्यांचा धंदा. दर दसऱ्याला आमच्याकडचं सोनं हक्कानं घ्यायचे आणि ईदला शेवया पाठवायचे. दारात उभा राहून मी कसंबसं सांगितलं.

"परत?" चाचा म्हणाले. "अवो साहेब, मी म्हातारा झालो, पन सोनं देऊन परत मागनारा मानूस आज पयल्यांदा बघतोय. सोन्याचा भाव वाढला काय?"

"तसं नाही हो चाचा. त्यात हिचं काम राहिलंय."

"मग वहिनींसाठी देतो. तुमच्यासाठी नाय दिलं असतं." ते आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. फ्लॉपी रुमालात, आपट्याच्या सुकलेल्या पानांबरोबर बांधलेली होती. कॉम्प्युटरला लावलीच नव्हती. "सोनं काय मशिनीत घालतात?" मलाच विचारलं त्यांनी.

अर्धा अंक मिळाला. अध्यक्षांकडे मी खोटंच सांगितलं की गेमची नवी आवृत्ती आलीय, बदलून देतो.

"न्या न्या," ते खुशीत म्हणाले. "गेम चांगला आहे, पण सोबत फार कचरा होता हो. फाइल उघडली तर सगळी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं! मी टाकली पुसून."

मराठी टायपिंगची फाइल मराठी फॉन्टशिवाय उघडली की अशीच दिसते. मी "बरं केलंत" म्हणालो आणि जिना उतरलो.

बायकोनं फ्लॉप्या लावल्या. चाचांकडच्या फ्लॉपीवर कथा, कविता, जाहिराती सगळं शाबूत. अध्यक्षांच्या फ्लॉपीवर एकच मजकूर होता, आणि तोच त्यांनी पुसला होता. तो एक मजकूर म्हणजे अध्यक्षांचं मनोगत. हस्तलिखित त्यांनी कौतुकानं स्वतःकडे परत नेलं होतं की रद्दीत गेलं, कुणास ठाऊक. त्यांना विचारायचं म्हणजे ठाण्याच्या प्रेसचा पत्ता विचारण्यासारखंच.

अशात मी, फ्लॉपी तपासतोय म्हणून, तो गेम जरासा लावून बघितला. थोड्याच वेळात पडद्यावरचं एक अक्षर सुटलं. टपकन खाली.

मी फॉरमॅटकडे हात नेला. बायकोनं माझं मनगट धरलं. "त्या इंजिनिअरला विचारा. आत्ता. फोन करा."

फोनवर तो आधी पोट धरून हसला. "व्हायरस आहे साहेब. त्या गेममधूनच आलाय, आमच्याही मशीनवर होता. पण हा साधा, नुसता गंमत करणारा. अक्षरं फक्त पडद्यावर पडतात, फाइलमधलं काही हलत नाही. फॉरमॅट वगैरे करू नका हं उगाच."

म्हणजे अंक पूर्ण वेळ जागच्या जागी होता. गळत होता तो नुसता पडदा, आणि अंक पुसला होता तो मी. मी हे तिला सांगावं की नाही, याच गोंधळात उभा राहिलो. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं.

ती उठली, साडीचा पदर नीट केला आणि स्वतः अध्यक्षांकडे गेली. मी जिन्यात कान लावून. "तुमचं मनोगत फार सुंदर आहे," ती म्हणत होती, "पण एकाच पानात कसं आटोपलंत? अंकाची शोभाच ती. जरा सविस्तर, नव्यानं लिहून द्याल का? उद्यापर्यंत?"

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "एक पान कमीच होतं, हे मलाही जाणवलं होतं वहिनी! उगाच नाही मी तुम्हालाच काम दिलं."

दुसऱ्या दिवशी चार पानं आली. ती टाइप करत होती, मागे मी उभा, हात पाठीशी बांधून. शेवटच्या पानावर ती थांबली. तिथं लिहिलं होतं, की वहिनींच्या यजमानांच्या संगणकज्ञानाविना हा अंक निघणं अशक्य होतं.

तिनं मान वळवून विचारलं, "हे ठेवू, की तुम्हीच पुसता?"