गालातला खडा

मीराकाकीची नक्कल करायची तर नुसता आवाज काढून भागत नाही. डावा तळहात पुढे धरायचा, पळीतला कालवणाचा थेंब त्यावर सोडायचा, चाटायचा, डोळे मिटायचे आणि नाकातून एकच ‘हं’ काढायचा. ‘हं’ खाली उतरला की मीठ बरोबर. वर चढला की कमी. मी हे घरी करून दाखवलं की आई हसता हसता दरवाजा ओढून घ्यायची, कारण काकी भिंतीपलीकडेच राहते, आणि आमच्या चाळीतल्या भिंतींना कान नाहीत, सरळ भोकंच आहेत.

डिलाईल रोडच्या त्या खोलीत काकीची खानावळ. गिरणीतली एकटी माणसं, बायकापोरं गावाला, जेवण काकीकडे. संपाआधी पहिल्या पाळीची पंगत उठली की पाट गार व्हायच्या आत दुसऱ्या पाळीचे येऊन बसायचे. काकीचे कायदे दोनच. जेवणाऱ्याने चुलीपुढे आडव्या टाकलेल्या फळीच्या आत पाय टाकायचा नाही. आणि तिच्या तोपाला, कालवणाच्या पातेल्याला, दुसऱ्या कोणी जीभ लावायची नाही.

“एका तोपाक दोन जिबो लागल्यो की चव फाटता गे,” ती म्हणायची.

“काकी, सारखं चाखतेस, पोट नाही भरत?”

“चाखलंय. खाल्लंय खंय?”

तिचा नवरा लवूकाका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेले. बोलायचा तो अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा, आणि ऐकायचा डोळ्यांनी. साचेखात्यात सगळेच तसे. आवाज काढून उपयोग नाही, नुसते ओठ हलवायचे, समोरचा वाचतो. खानावळीत बहुतेक साचेवालेच, त्यामुळे पंगतीत कधी कधी अगदी शांतता असायची आणि मध्येच चौघे एकदम खदखदून हसायचे. मलाही येते ती भाषा. शिकवली कोणी नाही, बघून उचलली.

मग संप झाला. आधी सगळे म्हणायचे, गणपतीपर्यंत मिटतोय. गणपती आले, गेले, पुन्हा आले. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही, तो झिजत गेला. काकीच्या पंगतीतले काही गावाला नांगर धरायला गेले, काही भिवंडीला पॉवरलूमवर. उरलेल्यांत तुळशीदास होता. दुसऱ्या वर्षी गिरणीने काही लोक परत घेतले तेव्हा तो गेटातून आत गेला. लवूकाकाला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. त्या दिवसापासून काका तुळशीदासशी बोलेनासा झाला. तुळशीदास जेवायला मात्र येतच राहिला. काकी त्याचं ताट वाढायची आणि तो उठेपर्यंत काका भिंतीकडे तोंड करून बसायचा. ओठ वाचणाऱ्या माणसाने भिंतीकडे तोंड केलं की सगळंच संपलं.

घरात आता काकाचा पगार नव्हता. चूल पेटायची ती या उरलेल्या मूठभर लोकांच्या जेवणावर.

तशात काकीचे पाय सुजले. आधी चपला घट्ट झाल्या, मग जोडवी रुतली. सकाळी काका तिच्या नडगीवर अंगठा दाबायचा आणि काढायचा. खळगा पडायचा. तो भरायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ दोघंही त्याच्याकडे बघत राहायची.

परळच्या इस्पितळात न्यायला काकाबरोबर मी गेले, कारण डॉक्टर मान खाली घालून बोलतात, मग काकाला काही कळत नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांचा एकेक शब्द धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातल्यासारखा.

“हे पाहा आजी, मीठ बंद. बंद म्हणजे पूर्ण बंद. लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी तर अजिबातच नाही. मूत्रपिंडं थकली आहेत तुमची. ऐकलं नाहीत तर पाणी छातीत चढेल.”

बाहेर आल्यावर काकी पहिलं बोलली ते हे: “आजी कोणाक म्हणता तां?”

चाळीत डॉक्टर पुष्कळ. माझ्या आईनेच तोडगा काढला. “मीराबाई, सैंधव घ्या की. उपासाला चालतं ना? मग दुखण्याला न चालायला काय झालं?” काकीला पटलं. सैंधव तर देवालाही चालतं. तिने पथ्याच्या आमटीत सैंधव घातलं, भातावर घातलं, देवाचं नाव घेऊन जरा जास्तच घातलं. पाय उतरायचे तर पोटऱ्या फुगल्या. पुढच्या खेपेला लवूकाकाने डॉक्टरीणबाईंच्या कानाशी जाऊन विचारलं, “सैंधव चालात मां?” बाहेरच्या रांगेतली माणसं दचकून उभी राहिली.

“बाबा, ओरडू नका. सैंधव म्हणजे मीठच.”

मग काकाने कारभार हातात घेतला. काकीसाठी वेगळं छोटं तोप. त्यात मिठाचा कण नाही. खानावळीच्या तोपात मीठ घालायची वेळ आली की काका बरणी काढून द्यायचा, घालून झालं की पुन्हा वरच्या फळीवर. आणि पहिल्याच दिवशी काकी तोंड वाकडं करून भात चिवडायला लागली तेव्हा त्याने आपलंही ताट त्याच छोट्या तोपापुढे ओढलं.

“तुझा अळणी, तर माझापण अळणी!”

मजल्याने ऐकलं. आमच्या आईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच वडलांना म्हणाली, “बघा, बघा जरा.”

सूज उतरली. अंगठा दाबला की खळगा पडेना. काकी जोडवी घालून गॅलरीत फिरली.

पण तोंड बदललं. इतके दिवस अळणी खाल्लेल्या जिभेला एवढासा कणही समुद्र वाटायला लागला. पळीखाली हात धरायचा, थेंब घ्यायचा, आणि पूर्वीच्या निम्म्या मिठालाच ‘हं’ खाली. तिला वाटायचं बरोबर आहे. ताटात पडायचं ते पाणचट.

कोणी काही बोललं नाही. म्हणजे आवाज काढून बोललं नाही. पंगतीतला सगळ्यात तरुण जयवंत, त्याला गप्प बसवतच नाही. त्याने समोरच्याकडे बघून ओठ हलवले: “समुद्र आटलो वाटता.” दुसऱ्याने भातात तोंड खुपसून हसू दाबलं. तिसऱ्याने ओठांनीच विचारलं, “काकी रागावली आसा काय आमच्यावर?” काका भिंतीकडे बघत होता, त्याला काही दिसलं नाही. काकी वाढायला वाकली होती. इतकी वर्षं साचेवाल्याच्या घरात काढलेली बाई, तिलाही ते वाचता येतं, हे त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिने पळी तशीच धरून ठेवली आणि मग जयवंतच्या भातावर जरा जास्तच आमटी ओतली.

आठवड्याने जयवंत यायचा बंद झाला. भोईवाड्यात कौसल्येची खानावळ आहे, तिकडे. त्याच्या मागून आणखी एक. मग एक दिवस तुळशीदासने खिशातून कागदाची पुडी काढली आणि ताटातल्या माशाच्या कढीवर मीठ भुरभुरलं.

काकीचा हात थांबला. “काय रे? माझ्या ताटात वरसून मीठ?”

“राग मानू नको काकी. तिखट बराबर आसा, आमसूल बराबर आसा. पण जीभ कायतरी शोधत रवता.”

काकीने पळी खाली ठेवली. त्या दिवशी दुपारभर घासलेलीच भांडी घासत बसली.

आणि मग कालवण सुधारलं. एकदम. पूर्वीसारखं. ‘हं’ पूर्वीच्याच जागी जाऊन थांबायला लागला. जयवंत परत आला आणि निर्लज्जासारखा म्हणाला, “काकी, भोईवाड्यात जेवान नाय गे, नुसता पोट भरणा!” काकीने त्याला पळीच उगारली, पण हसत.

माझी मात्र पंचाईत झाली. तिचा आवाज मला जमेना. “मिने, सांज झाली, सूप आण” म्हणताना सगळ्या ‘स’मध्ये थुंकी भरलेली. मी तोंडात सुपारी धरून बघितलं, तेव्हा कुठे हुबेहूब आला. आई म्हणाली, “मिसरी परत सुरू केलेली दिसते.” मलाही तेच वाटलं. जोडवी पुन्हा डब्यात गेली होती, त्यावर काकी म्हणाली, उकाड्याने बोटं सुजतात. सकाळी काका अंगठा पुढे करायचा, ती पाय ओढून घ्यायची. “आज नको, दुखता.”

एका दुपारी ती दाराशी तांदूळ निवडत बसली होती. काका गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला, कठड्याला टेकून. तिथून त्याने हाक मारली, “काय बोलतंस?”

काकीने मान हलवली. काही नाही.

“तोंड हलता तुझा!”

“नाय हलणा!”

तो चालत आला. मधल्या सगळ्या खोल्यांतून माणसं डोकावली. काका तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, “शब्द नाय तो.” मग लहान मुलाच्या हनुवटीखाली धरतात तसा हात धरला.

तिने सूप बाजूला ठेवलं. गालातून जाड्या मिठाचा खडा काढून त्याच्या हातावर टाकला. चघळून गुळगुळीत झालेला.

“चाखलंय,” ती म्हणाली. आवाज नाही, नुसते ओठ. “खाल्लंय खंय?”

काकाने तिचं लुगडं जरा वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा एवढा खोल पडला की मी दुसरीकडे बघितलं.

“कित्याक?” काका म्हणाला.

आता तिला आवाज फुटला. “तोंडाक मीठ लागला नाय तर मीठ कळणा नाय माका! अळणी कालवण कोण जेवतलो? ते गेले तर आमी खावचां काय? तू बस भिंतीकडे बघत!”

एवढं बोलून तिला धाप लागली. ती धाप थांबेचना. आडवी झाली की श्वास घुसमटायचा, बसवलं की जरा यायचा. टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. ती तिथे होती तोवर माझ्या आईने पंगतीतल्या लोकांना जेवू घातलं. जयवंतने एकदाही ओठ हलवले नाहीत. घरी सोडताना डॉक्टरीणबाई या वेळी काकाकडे तोंड करून, सावकाश म्हणाल्या, “पुन्हा असं झालं, तर मी काही सांगू शकत नाही.”

काकाने ते वाचलं. मला सांगायला लागलं नाही.

काकी परत चुलीपुढे बसली. पायांखाली उशी. काका तिच्याशेजारी. कायदा तिनेच वाकवला: तोपाला जीभ एकच, पण ती लवूकाकाची. काकाने डावा तळहात पुढे केला. तिने थेंब टाकला. त्याने चाटला, डोळे मिटले, आणि ‘हं’ काढला तो जिन्यापर्यंत ऐकू गेला.

“बराबर!”

ताटं वाढली. या वेळी काका भिंतीकडे वळला नाही. सगळ्यांच्या ओठांकडे बघत बसला. जयवंतने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि समोरच्याकडे न बघता ओठ किंचित हलवले. एकच शब्द. अळणी. तुळशीदासने काका बघतोय हे बघितलं आणि झटकन जयवंतच्या तोंडापुढे पाण्याचा तांब्या धरला.

उशीर झाला होता. काकाने वाचलं होतं. आणि वाचता वाचता त्याचं त्यालाच कळलं. इतके दिवस तोही त्याच छोट्या तोपातलं जेवत होता. घरात दोन जिभा होत्या, आणि दोन्ही गेल्या होत्या.

काकीच्या डाव्या हाताची बोटं हळूहळू आत वळली. तिची नजर वरच्या फळीवरच्या बरणीकडे गेली. काकाने ती नजर बघितली.

“तुळशीदासा!”

सगळी पंगत दचकली. दोन वर्षांनी काकाच्या तोंडात ते नाव आलं होतं.

“हय ये!”

तुळशीदास खरकटा हात घेऊन उठला, चुलीपुढच्या आडव्या फळीपर्यंत आला, आणि थांबला. आत पाऊल टाकायची त्याची टाप नव्हती. तो काकीकडे बघत राहिला. काकी तोपाकडे. मग तिने सुजलेल्या पायाने ती फळी थोडी बाजूला सरकवली. माणूस जाईल एवढीच.

तुळशीदास चुलीपुढे उकिडवा बसला. हात धुतला, तळहात पुढे केला. काकीने थेंब टाकला. त्याने चाटला.

“चिमूटभर व्हया,” तो म्हणाला, खाली बघत.

काकाने बरणी उतरवली. तिने चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा थेंब.

“आणखी जरासा. ...हां. ह्याच तां. ह्याच तुझा, काकी.”

काकीने पळी तोपावर आडवी ठेवली. काकाकडे बघितलं आणि ओठ हलवले. आवाज नव्हता. पंगतीतल्या सगळ्यांनी वाचलं, मीही वाचलं.

“जेवान माझा नाय रवला.”

“तू रवलंस मां!” काका ओरडला. खालच्या रस्त्यावर टोपलीवाली मान वर करून बघायला लागली. “तू रवलंस मां, मीरे!”

कोणी हसलं नाही. तुळशीदास चाटलेला तळहात तसाच धरून बसला होता. उठावं की बसावं, त्याला कळेना.

“हात धुव तो,” काकी त्याला म्हणाली. “आणि उद्या जरा लवकर ये. डाळ तुझ्यासाठी थांबाची नाय.”

ते सगळे जेवले. ताटं पुसून जेवले. मग काकाने छोटं तोप पुढे घेतलं आणि दोघांना वाढलं. काकीने घास घेतला, गिळला, दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबली, उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने लुगडं सारलं, आणि स्वतःच आपल्या नडगीवर अंगठा दाबला.

खळगा पडला. काका जेवायचा थांबला. दोघंही तो भरायची वाट बघत बसली.