प्रणित नाही म्हणाला होता

जयाला आमच्या प्रकल्पात घेतलं ते तिच्या बोलीमुळे. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे रक्ताचे नमुने जमवायचे होते, आणि खाडीकाठच्या कोळी-आगरी घरांत आम्हाला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. मी ठाण्याच्या ऑफिसात नोंदी भरणारा. दोनदा सोबत गेलेलो, तर माझं बोलणं ऐकूनच बायकांनी दार लोटून घेतलं. जया कोपरीची, कोळ्यांची. चप्पल काढता काढता ती विचारायची, "मावशी, आज बाजारात काय होतं?" आणि पाचव्या मिनिटाला आत बसलेली असायची.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर शुभदा मॅडम. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी समजावलेलं की या आजाराच्या जनुकांवर जगात मोठमोठे अभ्यास झालेत, पण त्यांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. त्यांच्यावरून बांधलेले अंदाज आपल्या लोकांना नीट लागू पडत नाहीत. जयाने हे घरोघर आपल्या पद्धतीने सांगितलं. "रत्नागिरीच्या भरतीची वेळ बघून ठाण्याच्या खाडीत कोण होडी घालतं का? मग त्यांच्या रक्तावरून आपल्या पोरांचं कसं कळणार?" म्हातारे मान डोलवायचे. दीड वर्षात तिने एकशे चाळीस घरं आणली.

तिच्या स्वतःच्या घरचा मात्र एकही नमुना नव्हता.

तिचा धाकटा भाऊ प्रणित एकतीस वर्षांचा. आधी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, हात चांगला होता. बाविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले, आणि मग एक गोष्ट डोक्यात घट्ट बसली: आपण झोपलो की लोक येऊन आपलं रक्त काढून नेतात. रोज सकाळी तो दोन्ही दंड उजेडात धरून तपासायचा. गोळ्या चालू असल्या की ते कमी व्हायचं. वडील वारलेले. आई, जनीबाई, सुकी मासळी विकून घर चालवायची.

मॅडमनी त्याला एकदा रीतसर विचारलं होतं, कागद वाचून दाखवून. तो शांतपणे "नको" म्हणाला. बाहेर आल्यावर मॅडम जयाला म्हणाल्या, "नाही म्हणजे नाही. परत विचारायचं नाही." जनीबाईंना तर विचारायचीही सोय नव्हती. "ज्याला पोर भितो ते मी देऊ?" एवढंच त्या म्हणाल्या.

जया गप्प बसली असती. पण कल्याणच्या एका घरी कमळाबाई नावाच्या म्हातारीने, स्वतःच्या मुलाच्या दंडाला सुई लागत असताना, तिला विचारलं, "तुझा भाऊ पण असाच ना? त्याचं दिलंस का?" जयाला खोटं बोलता येईना. ऑफिसात परत आल्यावर ती मला म्हणाली, "मी लोकांची पोरं पुढे करते रे. माझा घरी लपवून ठेवलाय."

त्या रविवारी दुपारी तिने चिंबोऱ्यांचं कालवण केलं, प्रणितला आवडायचं म्हणून. तो जेवत असताना म्हणाली, "एकदाच दे ना. एवढंसं. बाटलीवर नाव पण नसतं. माझ्यासाठी."

त्याचा हात ताटातच थांबला. "तू पण त्यांच्यातली?"

"अरे, कोणातली?"

त्याने हात धुतला. ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जनीबाई बाजारातून आल्या तेव्हा तो घरात नव्हता. उशीखाली दोन आठवड्यांच्या गोळ्या सापडल्या, न घेतलेल्या.

मॅडम नंतर तिला पुन्हा पुन्हा सांगायच्या, गोळ्या बंद होत्या, तू विचारलंस म्हणून हे झालं असं नाही. जया ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो मॅडम." मला एकदा म्हणाली, "गोळ्या बंद होत्या म्हणूनच त्या दिवशी विचारायला नको होतं. मला कळायला हवं होतं. मी बहीण ना."

अकरा दिवस आम्ही शोधलं. विठ्ठलवाडी स्टेशनच्या कॅमेऱ्यात तो एकदा दिसला, फुल बाह्यांचा शर्ट, दोन्ही हात काखेत घट्ट दाबलेले. मग खडवलीच्या नदीत एक देह मिळाला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. पोलीस म्हणाले, आईच्या रक्ताची तपासणी करून जुळवावं लागेल.

जनीबाईंनी दंड पुढे केला. जया शेजारी उभी होती. इतक्या घरांत तिने आयांचे हात धरले होते, आईचा मात्र तिला धरवेना. मीच धरला.

अहवाल यायला पाच आठवडे लागले. तो प्रणितच होता.

जया कामावर परत आली, पण नवीन घरी जायची नाही. जुन्या घरांना फोन करायची, तब्येत विचारायची. एक दिवस दुपारी जनीबाई ऑफिसात आल्या. खुर्चीवर बसल्या, बांगड्या वर सारल्या आणि हात टेबलावर ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या.

"काय, आये?"

"तुझ्या कामाचं. तेव्हा नाय बोलले मी. आता घे."

जयाने हळूच सांगितलं की नुसतं आईचं रक्त या अभ्यासात चालत नाही, आजारी माणसाचंही लागतं.

"पोलिसांकडं त्याचं हाय ना?"

आतल्या खोलीतून शुभदा मॅडम बाहेर आल्या होत्या. त्या जनीबाईंसमोर स्टुलावर बसल्या. "ते आम्हाला घेता येत नाही, मावशी. तो नाही म्हणाला होता."

जनीबाईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. "त्याचं नाय ऐकलं कोनी," त्या म्हणाल्या. "तुमी ऐकलं."

जयाने मान खाली घातली. जनीबाईंनी ते पाहिलं, पण आपलं बोलणं मागे घेतलं नाही, आणि रागावल्याही नाहीत. बांगड्या परत मनगटावर घेतल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. साडेपाचला जयाचं काम आटोपेपर्यंत तिथेच होत्या. मग दोघी चालत कोपरीला गेल्या.