काटा येईना

संक्रांत तोंडावर आली होती आणि हलव्याला काही केल्या काटा येईना. आई शेगडीपुढे पाटावर बसून कढईतल्या तिळांत बोटं फिरवत होती, वरून चमच्या-चमच्यानं पाक सोडत होती. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. वाघोलीच्या कॉलेजात माझा तास. धायरीहून निघायला जरा उशीर झाला की गेलाच दिवस. पण पाय निघेना. हिंजवडीच्या एका बाईंनी नव्या सुनेसाठी हलव्याचे दागिने सांगितले होते, आणि इथे तिळांवर नुसता चिकट लेप!

या धंद्यावरून आमचं दरवर्षी वाजतं. किंमत ठरवताना आई साखर धरते, तीळ धरते, गॅससुद्धा धरते. स्वतःला तेवढं धरत नाही. "अगं, बोटं पोळतात तुझी, त्याची मजुरी?" म्हटलं की, "घरच्या कामाला कसली मेली मजुरी! मशीनचा स्वस्त मिळतो, मग माझा कोण घेईल?" झालं, विषय संपला.

त्या दिवशी मी आधी हवेला बोल लावला, मग आचेला, मग साखरेला. आणि सिंकमध्ये पिळलेली लिंबाची फोड दिसली.

आंबट घालून पाक उकळला की साखरेचा रेणू फुटतो. त्यातून सुटलेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज उरलेल्या साखरेला स्फटिक धरू देत नाहीत. म्हणून लिंबू गुलाबजामच्या पाकात चालतं, हलव्याच्या नाही. त्या पाकाची मळी दुधानं काढायची. हे मी वर्गात शिकवते; आईनं मात्र ते जन्मभर पाळलं होतं. गेल्या महिन्यात ती आमच्याच सोसायटीत जिना चुकली, तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आता हसू येईना. भीती वाटली मला, सरळ भीती.

तेवढ्यात हिंजवडीच्या बाईंचा फोन आला. "अहो, दागिने कधी मिळणार?"

"साखरच खराब निघाली हो या वेळी. जरा सवड द्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आईचा हात थांबला होता.

"साखरेला कशाला नावं ठेवतेस? लिंबू मीच पिळलं. का पिळलं, ते मला सांगता येत नाही."

मी काही बोलणार, तोच ती पाटावरून उठली आणि तिनं मला दंडाला धरून तिथे बसवलं.

"कॉलेजला कळव, येत नाही म्हणून. मला येतंय तोवर शिकून घे."