मिरबातचा देवमासा

सलाला विमानतळाबाहेर पडताच नारळाची झाडं दिसली आणि क्षणभर वाटलं, चुकून रत्नागिरीला उतरले की काय! माझी थोरली बहीण शोभाताई मस्कतमध्ये अझैब्याला राहते, तिथल्या भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवते. "ओमानला येऊन नुसते मॉल बघून जाणार का?" म्हणत तिनेच मला इथे आणलं. रस्त्याकडेला गरमागरम मिशकाक (निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे तुकडे) खाऊन आम्ही किनाऱ्यावरचं मिरबात गाव गाठलं.

सकाळी सलीमच्या होडीतून निघालो. सलीम इथलाच कोळी, मुंबईवाल्यांसारखं हिंदी बोलणारा. बराच वेळ नुसतं पाणीच पाणी. अचानक तो उभा राहिला. "हूत!" (देवमासा!)

काळी पाठ वर आली, कारंजं उडालं. मी टाळ्याच वाजवल्या. ताईने मात्र त्याच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. देवमाशाच्या शेपटीला जाळ्याचा दोर करकचून आवळला होता. तो हलायचा, पण पुढे सरकायचा नाही.

"आपण कापू या ना!" मी म्हटलं.

"नहीं मॅडम, पास नहीं जाना. एक पूँछ मारेगा, खलास." सलीमने सुटका करणाऱ्या पथकाला फोन लावला. ते येईपर्यंत देवमाशाला नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढंच काम आमच्याकडे होतं.

होडी डुचमळत होती. वेळ जावा म्हणून ताईला बोलतं केलं. "एवढे अवाढव्य कसे गं झाले हे?"

"यांचे पूर्वज चार पायांचे, कुत्र्याएवढे. आपल्याच उपखंडात पाण्याकाठी राहायचे. पाण्यात शिरले आणि शरीराचा भार पाणीच पेलू लागलं. तरी असे प्रचंड झाले ते फार नंतर. वारा वरचं पाणी लोटतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि तिथे अन्न दाटतं. इथे खरीफमध्ये (पावसाळ्यात) होतं ना, तसंच. समुद्रात अशा जागा वाढल्या, पण एकमेकींपासून लांब लांब. मग ज्याचं तोंड मोठं, अंगात चरबीचा साठा मोठा, त्याचं फावलं. एका ठिकाणी पोटभर खायचं आणि पुढचा पल्ला गाठायचा."

"आणि अडकला कशात, तर बोटाएवढ्या दोरात," मी म्हटलं. ताईने माझा हात घट्ट धरला.

पथकाची होडी आली. लांब काठीला बांधलेल्या सुरीने ते सावकाश दोर कापू लागले. देवमाशाने शेपूट आपटली, त्यांची होडी कलंडता कलंडता वाचली. ते पुन्हा पुढे झाले. शेवटचा फास सुटला आणि तो सरळ खाली गेला.

पाणी शांत झालं.

"ताई, बुडाला का गं?"

ती पाण्यावर नजर फिरवत राहिली. तेवढ्यात खूप दूर कारंजं उडालं. मग त्याहून दूर आणखी एक. सलीम "अल्हम्दुलिल्लाह!" म्हणत मटकन खाली बसला. एरवी वर्गात कडक असणारी ताई ओढणीने डोळे पुसत हसत होती.

परतीच्या विमानातून मी काचेला नाक लावून खाली बघत राहिले. निळा समुद्र, एखादी होडी, बाकी काही नाही. देवमासा कुठेच दिसला नाही. किती बरं वाटलं.